एकाच जांभळाखालच्या दोन पेट्या: माशीचा स्वभाव जन्मजात असतो का?

प्रश्न भुदरगड तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकतो, वडील सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. त्याने लिहिलंय: "मॅडम, आमच्या दोन पेट्या एकाच जांभळाखाली, चार पावलांच्या अंतरावर आहेत. एकीच्या दारात सकाळी बघावं तर माश्या पायांना परागाचे गोळे लावून येतात. दुसरीत मकरंद भरपूर, पराग मात्र नावाला. बाबा म्हणतात, पहिलीची जात चांगली आहे, आता सगळ्या राण्या त्याच पेटीतून करायच्या. आम्हाला वर्गात 'फोरेजिंग' (म्हणजे अन्न शोधणं) नावाचं जनुक शिकवलं. हा फरक त्या जनुकामुळं असेल का? आणि बाबांचं बरोबर आहे का?"

आधी थोडक्यात सांगते. अन्न शोधण्याचा स्वभाव जन्मानं येऊ शकतो, हे खरं. एका जनुकातल्या फरकामुळं वागणं बदलतं, हेही खरं. तरीसुद्धा बाबांनी सगळ्या राण्या एकाच पेटीतून करू नयेत, आणि तुमच्या दोन पेट्यांमधला फरक जन्मजातच आहे असं आज तरी म्हणू नये. या सगळ्या गोष्टी एकमेकींना धरून कशा आहेत ते सांगायचं तर माश्या जरा बाजूला ठेवून चिलटांकडं जावं लागेल. मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं चिलटांच्या बाटल्या सांभाळण्यात गेली.

कोल्हापुरात चिलटं शोधायला लांब जावं लागत नाही. कपिलतीर्थ मंडईत पिकून काळवंडलेल्या केळ्यांवर, गुऱ्हाळावर चिपाडाच्या ढिगाशेजारी, घरात ओट्यावर उघड्या राहिलेल्या पेरूवर, जिथं काही आंबलं तिथं ती हजर. बाटलीत पिकलं केळं, चिमूटभर यीस्ट, तोंडाला कागदाचं नरसाळं लावलं की संध्याकाळपर्यंत बाटली भरते. त्यात सगळी ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या जातीची, नसतात. अनॅनासी असते, मलेरकोटलियाना असते, घाटाकडं गेलं की नासुटा. मेलॅनोगॅस्टरच्या नराच्या पुढच्या पायावर काळ्या केसांचा बारीक कंगवा असतो, तो भिंगाखाली पाहून जाती वेगळ्या काढायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथं चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं.

आता प्रयोग. काचेच्या बशीत आगर, म्हणजे जेलीसारखा थर, ओतायचं, त्यावर यीस्टचा पातळ लेप द्यायचा, मधोमध तिसऱ्या अवस्थेतली एकच अळी ठेवायची आणि पाच मिनिटं घड्याळ लावायचं. अळी लेपातून सरकते तशी मागं चरी उमटत जाते. तोंडातले काळे आकडे पुढंमागं होताना दिसतात. काही अळ्या पाच मिनिटं जवळपास एकाच जागी असतात. चरीवर चरी, गोल गोल, जणू तेवढीच जागा नांगरायला घेतली आहे. काही अळ्या तोंड खुपसतात, दोन घास घेतात आणि पुढं निघतात. पाच मिनिटांत त्यांची चरी बशीच्या काठापर्यंत गेलेली असते. बशी उजेडाकडं धरली की दोन्ही नकाशे इतके वेगळे दिसतात, की पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी विचारतोच, "मॅडम, ही एकच जात आहे ना?"

एकच जात. पहिलीला आपण बैठी म्हणू, दुसरीला फिरती. मार्ला सोकोलोव्स्की या शास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये या फरकावर पहिला निबंध छापला. तेव्हा त्या टोरंटोला विद्यार्थिनी होत्या. प्राण्याची वागणूक म्हणजे असंख्य जनुकांची बारीक बारीक बेरीज, तिच्यात एकटं जनुक सापडायचं नाही, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. त्यांनी दोन वाणांच्या गुणसूत्रांची अदलाबदल करून दाखवलं, की या फरकाचा मोठा वाटा दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. पुढं संकर केले, तर पहिल्या पिढीत सगळ्या फिरत्या, आणि दुसऱ्या पिढीत तीन फिरत्यांना एक बैठी. मेंडेलच्या वाटाण्याचंच गणित, पण इथं फुलाचा रंग नव्हता, वागणं होतं. त्या जागेला फोरेजिंग असं नाव पडलं. १९८९ पर्यंत ती जागा दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या बाहूवर नक्की झाली. आणि १९९७ मध्ये कळलं, की ते जनुक पीकेजी नावाचं एक विकर (एन्झाइम) बनवतं. पेशीच्या आत सीजीएमपी हा निरोप आला, की तो ऐकून दुसऱ्या प्रथिनांना कामाला लावणारं हे विकर. फिरत्या वाणात त्याचं काम थोडंसंच जास्त चालतं, पण तेवढ्या थोड्यानं पुरतं. बैठ्या वाणात ते जनुक जादा घालून चालू केलं, तर अळ्या फिरत्या झाल्या. टोरंटोच्या फळबागेतल्या चिलटांत साधारण ७० टक्के फिरत्या आणि ३० टक्के बैठ्या निघाल्या होत्या. हा प्रयोगशाळेत घडवलेला बिघाड नव्हता. बागेत, निसर्गात, दोन्ही स्वभाव शेजारीशेजारी नांदत होते.

इथपर्यंतचं तुला वर्गात सांगितलं असणार. आता जे सांगते ते पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते मर्म तिथंच आहे.

बशीत यीस्ट लावलंच नाही, नुसतं आगर ठेवलं, तर दोन्ही वाणांच्या अळ्या सारख्याच फिरतात. फरक नाहीसा होतो. फिरतीला काही वेळ उपाशी ठेवून मग यीस्टवर सोडलं, तर तीही बैठीसारखी एका जागी खात राहते. म्हणजे हे जनुक पायांना जोर देत नाही. समोर आलेलं अन्न "एवढं बास" की "पुढं बघू", हा हिशेब त्याच्याकडं आहे. मंडईत भाजी घेणारी दोन माणसं आठव. एकाला पहिल्या गाड्यावर बरी वांगी दिसली की पिशवी भरून मोकळा. दुसरा हातात वांगं धरूनच पुढच्या गाड्याकडं मान वळवून बघत असतो. मंडई बंद असेल तर दोघंही सारख्याच वेगानं घरी चालत जातील. फरक चालण्यात नाही, वांग्याची किंमत लावण्यात आहे.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण अंगाशी आल्यावर पटलं. एका वर्षी आमच्याकडं दोन्ही वाणांच्या चरी अचानक आखूड झाल्या. फिरत्या अळ्याही बसून राहायला लागल्या. मी चार दिवस बाटल्यांच्या चिठ्ठ्या तपासत बसले, वाणांची भेसळ झाली असं धरून. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की यीस्ट कालवणारा मुलगा बदलला होता. नवा मुलगा मनापासून, घट्ट कालवायचा. लेप जाड झाला होता, अळीला घासाघासाला भरपूर मिळत होतं, मग ती कशाला हलेल? लेप पुन्हा पातळ केला आणि फरक परत दिसायला लागला. जनुक तेच, अळ्या त्याच, बदलला होता तो समोरचा घास. तुझ्या दोन पेट्यांबद्दल वाचल्याबरोबर मला तो मुलगा आठवला, त्याचं कारण पुढं येईल.

निसर्गात दोन्ही स्वभाव का टिकले, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. चिलटांच्या काही वसाहती ७० हून जास्त पिढ्या दाटीवाटीत वाढवल्या आणि काही ऐसपैस. दाटीतल्या वसाहतींत फिरती रूपं वाढली, ऐसपैस जागेत बैठी. गर्दीत समोरचं अन्न लवकर संपतं, पुढं जाणारीला काहीतरी मिळतं. मोकळ्या जागेत उगाच फिरणं म्हणजे खर्च. पण २००७ मध्ये सोकोलोव्स्कींच्याच गटानं याहून मोठी गोष्ट दाखवली. अन्न निकस असेल तेव्हा जे रूप संख्येनं कमी, त्याचं जगणं जास्त चांगलं होतं. सगळ्या बैठ्या एकाच ठिकाणी तुटून पडल्या असतील तर एकटी फिरती मोकळं रान गाठते. सगळ्या फिरत्या असतील तर मागं राहिलेला घास एकट्या बैठीचा. जो स्वभाव वाढत जाईल त्याचा फायदा आपोआप घटतो, आणि दुसऱ्याला जागा मिळते. त्यामुळं दोन्हींपैकी एकही संपत नाही. अन्न मुबलक असलं की हा परिणाम दिसला नाही, हेही लक्षात ठेव.

"चांगली जात" हा शब्द मला म्हणूनच खटकतो. कशासाठी चांगली, कुठल्या हंगामात चांगली, आणि आजूबाजूला बाकीच्या कशा आहेत, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

या जनुकाचा हात आणखी कुठं कुठं पोचतो तेही थोडक्यात सांगते. फिरत्या चिलटांची तात्पुरती आठवण चांगली असते, बैठ्यांची दीर्घकाळची. फिरत्या अळ्या कमी खातात, पण खाल्लेल्यातलं ग्लुकोज जास्त शोषून घेतात. आणि साखरेच्या पाण्याला पाय लागला की तोंडाची सोंड पुढं काढायची, ही प्रतिक्रिया फिरत्या वाणात जास्त तत्पर असते. शेवटची गोष्ट मनात ठेव.

आता मधमाशी.

तुमच्या वर्गात जे शिकवलं ते बहुधा २००२ चं संशोधन असेल. जीन रॉबिन्सन यांच्या अमेरिकेतल्या गटानं, सोकोलोव्स्कींना बरोबर घेऊन, मधमाशीत तेच जनुक शोधलं. कामकरी माशी पहिले दोन-तीन आठवडे घरात असते. पिल्लांना भरवते, पोळं बांधते, दाराशी राखण करते, आणि मग बाहेर पडते. बाहेर जाणाऱ्या माश्यांच्या मेंदूत हे जनुक घरातल्या माश्यांपेक्षा जास्त चालू होतं. वय वाढलं म्हणून असेल का? तर सगळ्या एकाच वयाच्या कोवळ्या माश्यांची पेटी करून पाहिली. अशा पेटीत काही माश्यांना नाइलाजानं लवकर बाहेर पडावं लागतं. त्यांच्यातही ते वाढलेलं होतं. म्हणजे वय नव्हे, काम. कोवळ्या माश्यांना सीजीएमपीसारखं औषध साखरपाण्यातून दिलं तर त्या वेळेआधीच बाहेर पडू लागल्या.

इथं बरेच विद्यार्थी घसरतात, म्हणून नीट वाच. चिलटात दोन प्राणी जन्मतःच जनुकाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या घेऊन येतात. मधमाशीतल्या या प्रयोगात आवृत्ती तीच आहे, पण एकाच माशीच्या आयुष्यात तिचं काम आधी मंद चालतं आणि नंतर वाढतं. पहिला फरक पिढ्यांच्या हिशेबातला, दुसरा दिवसांच्या. जनुक एक, पण तुझा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे आणि वर्गातला प्रयोग दुसऱ्या प्रकारचा. त्यावरून तुझ्या दोन पेट्यांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि "हे जनुक जास्त चालू म्हणजे भटकणं जास्त" असंही पाठ करू नकोस. अमेरिकेच्या वाळवंटात बिया गोळा करणाऱ्या लाल मुंग्या आहेत. त्यांच्यात २००५ मध्ये बरोबर उलटं सापडलं. बाहेर जाणाऱ्या मुंग्यांत हे जनुक कमी चालू होतं.

तुझ्या पेट्यांशी थेट नातं असलेलं काम अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट पेज यांचं. त्यांनी इटालियन माशीच्या, म्हणजे एपिस मेलिफेराच्या, दोन ओळी निवडीनं तयार केल्या. एका ओळीत दर पिढीला सर्वांत जास्त पराग साठवणाऱ्या पेट्यांपासून राण्या आणि नर घेतले, दुसरीत सर्वांत कमी साठवणाऱ्यांपासून. थोड्याच पिढ्यांत दोन ओळींमध्ये कित्येक पटींचा फरक पडला. म्हणजे पराग गोळा करण्याचा कल वारशानं येतो, यात शंका राहिली नाही. १९९५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रांवरच्या दोन जागा दाखवल्या. नंतर आणखी सापडल्या. म्हणजे इथं एकच जनुक नाही, अनेक जागांचा थोडाथोडा वाटा आहे, आणि त्या एकमेकींचा परिणाम बदलतात.

पण या जागा करतात काय? इथं ती सोंडेची गोष्ट परत येते. हा प्रयोग तू घरी करू शकतोस. सकाळी पेटीच्या दारातून दहा-बारा माश्या बाटलीत घे. पराग आणणाऱ्या वेगळ्या, मकरंद आणणाऱ्या वेगळ्या. बाटली बर्फात ठेव. माश्या सुस्तावल्या की लगेच काढ, जास्त वेळ ठेवलंस तर मरतील. शीतपेयाच्या नळीचे तुकडे करून एकेका तुकड्यात एकेक माशी बसव, डोकं बाहेर, मानेमागं चिकटपट्टीची बारीक पट्टी. तासभर शांत ठेव. मग साखरेची सहा पाणी कर: ०.१, ०.३, १, ३, १० आणि ३० टक्के. दात कोरायच्या काडीचं टोक सर्वांत पातळ पाण्यात बुडवून दोन्ही मिशांना हळूच लाव. मध्ये मध्ये नुसतं पाणीही लावून बघ, नाहीतर तहानेला तू गोडी समजशील. कुठल्या तरी टक्क्याला माशी तपकिरी, चकचकीत जीभ सटकन बाहेर काढते. पहिल्यांदा बघितलंस की अंगावर काटा येतो. एवढ्याशा प्राण्यानं आपलं मत सांगितल्यासारखं वाटतं.

पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं ते असं. पराग आणणाऱ्या माश्या अगदी पातळ साखरेलाही जीभ काढतात. मकरंद आणणाऱ्या पातळ पाण्याकडं दुर्लक्ष करतात, दाट असेल तरच दाद देतात. पहिल्यांदा बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी, कोवळ्या वयातच हा फरक मोजता येतो, आणि पुढं ती माशी काय आणेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. बघ, पुन्हा तोच हिशेब. चिलटाच्या अळीत "हा घास पुरेसा आहे का", मधमाशीत "ही गोडी घेण्यासारखी आहे का". जनुकं माशीला पराग आण असं सांगत नाहीत. ती किमतीचा उंबरठा कमीजास्त करतात, आणि त्या उंबरठ्यावरून कामं वाटली जातात.

याच्याही मुळाशी जाणारा एक धागा आहे. व्हायटेलोजेनिन हे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन. कामकरी माशी सहसा अंडी घालत नाही, तरी तिच्या अंगात ते भरपूर असतं. २००७ मध्ये ग्रो अम्दम, पेज आणि सहकाऱ्यांनी ते जनुक बंद पाडून पाहिलं, तर माश्या वेळेआधी बाहेर पडल्या आणि मकरंदाकडं झुकल्या. म्हणजे आईपणासाठी घडलेली जुनी यंत्रणा या वांझ बहिणींमध्ये कामवाटपासाठी वापरली जाते आहे. कीटकशास्त्रात मला सर्वांत सुंदर वाटणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे, म्हणून जागा अडवून सांगितली.

आता बाबांकडं येते.

एक पेटी म्हणजे एक जात, हे गृहीतच चुकीचं आहे. राणी उडून जाते ती अनेक नरांशी संग करून येते. मेलिफेरात हे नर दहा-वीस असतात, आपल्या सातेरीतही अनेक असतात. म्हणजे एका पेटीतल्या कामकरी एका आईच्या, पण अनेक बापांच्या. एका बापाच्या मुली पराग जास्त आणतात, दुसऱ्याच्या मकरंद, तिसऱ्याच्या नवीन घराची जागा शोधायला पुढं असतात. १९८९ मध्येच रॉबिन्सन आणि पेज यांनी हे दाखवलं होतं. बाबांना जो "पेटीचा स्वभाव" वाटतो तो अशा पंधरा-वीस बहिणींच्या गटांची बेरीज आहे. त्या पेटीतून राणी केली तरी ती नव्या नरांशी संग करणार, आणि बेरीज बदलणार. आईकडचा कल थोडा उतरेल, पण "पहिलीसारखीच पेटी" मिळणार नाही.

शिवाय ही सरमिसळच पेटीचं भांडवल आहे. हेदर मटिला आणि टॉमस सीली यांनी २००७ मध्ये दोन प्रकारच्या वसाहती शेजारी ठेवल्या. काही राण्यांना १५ नरांचं वीर्य दिलेलं, काहींना एकाच नराचं. १५ बापांच्या वसाहतींनी पोळं लवकर बांधलं, जास्त माश्या बाहेर धाडल्या, जास्त साठा केला. कारण समजायला अवघड नाही. सगळ्यांचा उंबरठा एकसारखा असेल तर एक तर सगळ्या निघतात, नाहीतर कुणीच निघत नाही. उंबरठे वेगवेगळे असले की थोडं फूल उमललं तर थोड्या निघतात, रान फुललं तर सगळ्या. भुदरगडचं रान तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस. मार्च-एप्रिलात जांभूळ, मग हिरडा, आणि एखाद्या वर्षी कारवी. पावसाळ्यात तर पेट्यांना साखरपाणी द्यावं लागतं. इतक्या उलटसुलट हंगामाला एकाच स्वभावाच्या माश्या पुरणार नाहीत.

आणि एक धोका, ज्याकडं बाबांनी खरंच लक्ष द्यावं. मधमाशीत नर की मादी हे एका जनुकाच्या जागेवर ठरतं. ते जनुक २००३ मध्ये सापडलं. फलित अंड्यात त्या जागेच्या दोन वेगळ्या आवृत्त्या आल्या तर मादी. दोन्ही सारख्याच आल्या तर तो सदोष नर होतो, आणि कामकरी त्याला अळी असतानाच खाऊन टाकतात. सगळ्या राण्या एकाच पेटीतून केल्या आणि नरही त्याच घराण्यातले मिळाले, की सारख्या आवृत्त्या एकत्र यायला लागतात. मग पिल्लांच्या पोळ्यात भोकं पडल्यासारखी रिकामी घरं दिसतात आणि पेटी खंगत जाते. लोक याला रोग समजतात. तुमच्याकडं आसपासच्या जंगलात सातेरीची रानटी पोळी आहेत, त्यांचे नर मिळतात, म्हणून निभावून जातं. त्यावर विसंबून राहू नका. तीन-चार चांगल्या पेट्यांमधून राण्या करा, आणि पाटगाव बाजूच्या कुणाशी तरी अदलाबदल करा. ते मधाचं गाव म्हणून पुढं आलंय, तिथं पेट्या ठेवणारे बरेच आहेत.

राहिला तुझा मूळ प्रश्न: या दोन पेट्यांमधला फरक जन्माचा आहे का? आता तो घट्ट यीस्ट कालवणारा मुलगा आठव. माश्या पराग कशासाठी आणतात? पिल्लांसाठी. पोळ्यात उघड्या अळ्या जास्त असतील तर त्यांच्या अंगाचा वास बाहेर जाणाऱ्यांना परागाकडं ढकलतो. परागाचा साठा भरलेला असेल तर उलट. म्हणून पहिलं काम, दोन्ही पेट्या एकाच दिवशी उघड आणि प्रत्येक फ्रेमवर अळ्यांची किती तळहात जागा आहे, परागाची किती, हे लिहून घे. मला दाट शंका आहे, की पहिल्या पेटीत तरुण राणी आहे आणि तिचं पिल्लांचं पोळं दुप्पट भरलेलं आहे. तसं निघालं तर जनुकांचा विषय तिथंच थांबव.

पोळी सारखी निघाली तर मात्र पुढं जा. दोन्ही पेट्यांमधली झाकलेल्या पिल्लांची एकेक फ्रेम, जिच्यातून माश्या बाहेर पडायच्या बेतात आहेत, वेगवेगळ्या जाळीच्या डब्यांत उबदार जागी एक रात्र ठेव. सकाळी ज्या कोवळ्या, करड्या, केसाळ माश्या बाहेर पडल्या असतील त्यांच्या पाठीवर ॲक्रिलिक रंगाचा ठिपका दे. पहिल्या पेटीच्या पिवळा, दुसरीच्या पांढरा. ठिपका टाचणीच्या डोक्याएवढाच, डोळ्यांना आणि पंखांच्या मुळाशी रंग लागता कामा नये. दोन्हींच्या शंभर-शंभर माश्या एका तिसऱ्याच पेटीत संध्याकाळी सोड. एक दिवसाच्या माश्यांना परकं घर सहसा स्वीकारतं. आता त्यांना घर एक, पिल्लं तीच, साठा तोच, रान तेच. तीन आठवड्यांनी दाराशी बस आणि पिवळ्या-पांढऱ्यांपैकी कोण परागाचे गोळे घेऊन येतं ते मोज. सकाळी आठ ते अकरा, रोज तासाला दहा मिनिटं, निदान पाच दिवस. तिथंही पिवळ्या जास्त पराग आणताना दिसल्या तर तो कल जन्माचा, असं तू छातीठोक म्हणू शकतोस. फरक नाहीसा झाला तर तो घराचा होता.

राणी बदलून बघायचा मोह होईल. त्यात घाई करू नकोस. सातेरीच्या अंड्यापासून पूर्ण कामकरी होऊन बाहेर यायला तीनएक आठवडे, आणि मग घरातल्या कामात आणखी दोन-तीन. राणी बदलल्यावर सहा आठवड्यांनी कुठं नव्या आईच्या मुली दारात दिसायला लागतात. पंधरा दिवसांत "राणी बदलली आणि स्वभाव बदलला" असं कुणी सांगितलं, तर तो बदल नव्या राणीच्या मुलींचा असू शकत नाही.

जांभळाचा मोहोर सुरू होण्याच्या आठवडाभर आधी रंगाचं काम सुरू केलंस तर मोजणी ऐन भरात येईल. वहीत प्रत्येक मोजणीला वेळ, ऊन की ढग, आणि वारा लिहायला विसरू नकोस. वही भरली की घेऊन ये. बाबांनाही आण, मला त्यांच्याकडून कारवीच्या मधाबद्दल बरंच विचारायचं आहे.